जित्या मरळीचा फोटो

कापसाच्या भावाने मान टाकली त्या वर्षांत पुसदला लग्ने लांबणीवर पडत होती, आणि लग्ने नाहीत म्हणून फोटो स्टुडिओवाले भाई रिकामे बसत. अखेर तेच बाजारात माझ्या आईच्या मासळीच्या टोपल्यापाशी आले. एका मरळीच्या बदल्यात एक फोटो, असा सौदा ठरला. आम्हा भोयांच्या बायकांचे फोटो तोवर ओळखपत्रापुरतेच निघत, आणि बाई मेल्यावर तेच मोठे होऊन भिंतीवर चढत.

आईला मात्र फोटो धंद्यासाठी हवा होता. समोर बसणारी मासळीवाली गिऱ्हाइकांना सांगे, "तिचा माल शिळा हाय." मरळ पाण्याबाहेरही तासन्‌तास जगते, आणि जिती असेल तरच तिला मान. तेव्हा जिती मरळ हातात धरलेला फोटो पालाच्या बांबूला टांगायचा, म्हणजे समोरचे तोंड बंद.

जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, मरळ घेऊन आम्ही स्टुडिओत शिरलो. पावडरच्या आणि तापलेल्या दिव्यांच्या वासात आमचा तलावाचा हिरवा, शेवाळी वास मिसळला. मागच्या पडद्यावर निळेशार सरोवर रंगवलेले होते. आईने ते निरखून विचारले, "इथं जाळं कोनाचं हाय?"

भाई कॅमेऱ्यामागून म्हणाले, "मावशी, हलू नका."

"मी नाही हलत. पण हे हलली पाह्यजे."

"फोटोत काय हलते, मावशी? जिती न् मेली सारखीच दिसते."

कॉलेजात कविता शिकणाऱ्या मला त्या वाक्याने शहारा आला. आईला राग आला. मरळ तिच्या हातात साधूसारखी निश्चल पडून होती.

"हल ना वो, भवाने!"

"मावशी, तोंड बंद!"

"तुमी थांबा, भाई! हल म्हटलं ना तुले!"

मरळ हलली. काळ्या विजेसारखी उसळून ती सरोवराकडे झेपावली, पडद्यावर आपटली, आणि त्याच क्षणी दिवा लखलखला.

फोटो धुऊन आला. आईचा पदर डोक्यावरून घसरलेला, तोंड वासलेले, बोटे हवेत. आणि मासळीच्या जागी एक करडी रेघ. "बिघडला," भाई ओशाळून म्हणाले, "दुसरा काढून देतो." आईने तो दारातल्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि पिशवीत घातला.

पुढच्या बाजारी तो बांबूला लागला. समोरची उठून आली. "काहून वो, मरळ कुठं हाय यात?"

"पळाली," आई म्हणाली. "शिळी पळते काय?"