तीन घोटांची उसंत

रुकैया आपांची आणि माझी पहिली भेट तक्रारीने झाली. लग्न होऊन रत्नागिरीहून कलकत्त्यात खिदिरपूरला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. शेजारणीने माझे ओले कपडे दोरीवरून काढून बादलीत टाकले, एवढ्यावरून मी तणतणत जिना उतरले आणि तळमजल्यावर आपांच्या दारात उभी राहिले. आपा तिथे आसपासच्या मुलींना कुराण वाचायला शिकवतात, आणि आपल्या कोकणातल्या मुली मराठी विसरू नयेत म्हणून त्याच बैठकीत मराठीही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सुरईतून पेला भरला.

“सारंगांच्या घरची नवी सून ना तू? बस. आधी पाणी.”

पाणी बसून प्यावे, तीन घोटांत प्यावे, मधे श्वास घ्यावा, ही आमच्यातली जुनी रीत. मी एक घोट घेतला, थांबले. दुसरा घेतला, थांबले. तिसरा संपल्यावर आपा म्हणाल्या, “हं, आता सांग.”

“काही नाही, आपा. दोरी लहान आहे,” मी म्हणाले.

बोलाल तर चांगले बोला, नाहीतर गप्प राहा. ऐकलेले सगळेच सांगत सुटू नका. पाठीमागे कुणाचे वाईट बोलणे म्हणजे मेल्या भावाचे मांस खाणे. ही आमच्या धर्माची शिकवण लहानपणापासून माझ्या कानांवर होती. पण शब्द ओठांवर आलेला असताना त्याला थोपवायचे कसे, ते कुणी दाखवले नव्हते. आपांनी ते पाण्याच्या पेल्याने दाखवले. त्यांच्याकडे गैरहजर माणसाबद्दल काही सांगायचे तर आधी पाणी, हा नियमच झाला. कुणी दुसरा पेला मागितला की बायका हसत, “आज नणंदेचा विषय दिसतोय.”

फाळणीनंतर सियालदहला रोज माणसांचे लोंढे उतरत होते आणि त्यांच्यामागून बातम्या येत होत्या. अशाच एका दुपारी एक शेजारीण धावत आली. स्टेशनाजवळ भयंकर काही घडले, असे ती सांगू लागली. पाणी पिऊन झाल्यावर आपांनी विचारले, “पाहिलं कुणी?”

“सांगणाऱ्याच्या मेव्हण्यानं.”

“तो कुठे असतो?”

“बालीगंजला.”

“मग बालीगंजला बसून त्याला सियालदहचं दिसतं? बाय, एवढी नजर असेल तर माझी हरवलेली सुई शोधायला बोलाव त्याला.”

ती शेजारीण हसली, आणि ती बातमी आमच्या इमारतीत त्या दारापुढे गेली नाही.

पण आपा गप्प राहायला शिकवतात, एवढेच लिहून मी थांबले तर ते अर्धे होईल. गप्प राहणे सोपे असते. घर चालवताना मी तूप वाचवते तसे शब्दही वाचवते, त्यात मोठेपणा नाही. आपांचा मोठेपणा मला कळला तो माझी नणंद झुबेदा हिच्या लग्नाच्या वेळी. तिला आपांच्या सख्ख्या भाच्याचे, इस्माईलचे, स्थळ आले होते. मुलगा गोदीत कारकून, देखणा, शांत. साऱ्यांना पसंत. सासूबाई रीत म्हणून आपांकडे चौकशीला गेल्या. मी बरोबर होते.

“तुमचाच भाचा, तेव्हा विचारायचं ते काय,” सासूबाई म्हणाल्या. “तरी विचारते. मुलगा कसा?”

आपांनी पेला भरला आणि त्या दिवशी तो स्वतःच प्यायल्या. मग म्हणाल्या, “मला दोन दिवस द्या.”

त्या दोन दिवसांत त्या इस्माईलला भेटल्या. “ते तू सांग. तुझ्या तोंडून गेलं तर तुझा मान राहील,” असे त्यांनी त्याला विनवले. तो आला नाही. आली ती त्याची आई, आपांची धाकटी बहीण, लग्नाचा दिवस ठरवायला आमच्या घरी. आपा जिना चढून वर आल्या आणि तिच्या देखतच सासूबाईंना म्हणाल्या, “इस्माईल गुणी आहे, मेहनती आहे. पण त्याची छाती बिघडली आहे, क्षय आहे. लग्नाला डॉक्टरांनी मनाई केली आहे.”

बहीण पांढरीफटक पडली. “दुसऱ्याचं झाकावं, हे तूच सगळ्यांना शिकवतेस ना आपा?”

“शिकवते. पण ज्यानं परक्या लेकीचा जीव जाईल ते झाकायचं नसतं. त्यांनी मला विश्वासानं विचारलं आहे.”

“तर मग यापुढे मला काही विचारू नकोस,” असे म्हणून बहीण निघून गेली. आपा उंबऱ्यापर्यंत तिच्यामागे गेल्या. परत येऊन सासूबाईंना एवढेच म्हणाल्या, “हे आपल्या जिन्यापर्यंतच राहू द्या.”

ते तेवढ्यावरच राहिले. सासूबाईंनी लोकांना ‘योग नव्हता’ म्हणून सांगितले. झुबेदा पुढे चांगल्या घरी गेली, तिला दोन मुले आहेत. आणि घरच्यांच्या भीतीने इस्पितळ टाळणारा इस्माईल, आता लपवण्यासारखे उरले नाही म्हणून, आपांचा हात धरून इस्पितळात गेला. नव्या इंजेक्शनांनी तो बरा झाला. मी हे लिहिते आहे ते त्याच्या परवानगीने. “भाभी, माझं नाव घालून लिहा,” असे तो स्वतःच म्हणाला.

बहीण मात्र वर्षानुवर्षे आली नाही. दर ईदला आपा तिच्याकडे शीरखुर्मा पाठवीत आणि भांडे रिकामे, निरोपाशिवाय परत येई. बहिणीविरुद्ध एक अक्षर आम्ही त्यांच्या तोंडून ऐकले नाही. गेल्या ईदला दुपारी ती आपण होऊन दारात उभी राहिली. बैठकीतल्या आम्ही सगळ्याच उठलो. आपांनी काही विचारले नाही, पेला भरला. ती बसली, एकेक घोट थांबून प्यायली, आणि पेला खाली ठेवत म्हणाली, “आपा, पाणी गार आहे ग.”

“सुरई जुनी आहे,” आपा म्हणाल्या.

आपांना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. कलकत्त्यातल्या आपल्या मराठी मंडळींत धर्म कुणाचा कोणताही असो, बोलण्याआधी थांबायला त्यांच्याकडून शिकली नाही अशी बाई मला माहीत नाही. अल्लाने त्यांना भरपूर आयुष्य द्यावे, डोळे आणि गुडघे धड ठेवावेत. आम्ही तणतणत जिना उतरणे काही सोडणार नाही. तेव्हा त्या दारात पेला भरणारा हात पुष्कळ वर्षे असाच राहो.