न घासलेली वाटी

मुर्रीत आम्ही घर बांधलं, तेव्हा जागेवरची जुनी विहीर बुजवून शेजारीच बोअर मारली. पाणी इतकं जड, की तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही शिजायची नाही. स्वयंपाकाला सगळी गल्ली नळाचंच पाणी साठवायची.

एक म्हातारी मात्र रोज सकाळी आमच्या बोअरवर यायची. स्टीलच्या वाटीत घोटभर पाणी घ्यायची आणि दोन्ही हातांनी धरून हळूहळू घरी न्यायची. वाटी आतून चुन्याने पांढरी झाली होती, थरावर थर.

एकदा मी म्हटलं, "आजी, द्या इकडे, लिंबानं घासून देते."

तिनं वाटी पदराखाली घेतली. "घासू नोको बाई. माहा बुढा जल्मभर याच विहिरीचं पानी पेला. तो गेला, तरी आताबी त्याच्यासाठी भरून ठेवलं का सांजेवरी सरते. पानी तो पिते, चुना माह्यासाठी ठेवते."

मे महिना होता. एवढंसं पाणी आटणारच, म्हणून मी मनातल्या मनात हसले.

पावसाळ्याच्या तोंडावर ती वारली. तेराव्यानंतर तिची सून वाटी घेऊन आली. "सासूनं तुमालेच द्यायले सांगतलं."

फेकवेना. मी ती भरून स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवू लागले. संध्याकाळी रिकामी दिसायची. ऊन येतं तिथं, असं मी स्वतःला सांगायचे.

परवा दिवसभर झड होती. कपडे वाळले नाहीत, बरणीतलं मीठसुद्धा पाघळलं. वाटी मात्र तळापर्यंत कोरडी होती.