सदतिसाव्या अंकाचा शेवट

आठवडाभर त्याला सगळे 'मशीनवाले' म्हणत, कारण ऑफिसाऑफिसांत जाऊन झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करणं हे त्याचं काम. रविवारी मात्र, बँकेच्या बंद शटरसमोर भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात, त्याचं नाव डिंक्या. बोटांवर कायम खळ वाळलेली असायची आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तो ती सापाच्या कातीसारखी सोलत बसायचा.

बाजारात तो जुनी कॉमिक्स विकायचा. रद्दीवाल्याकडून गठ्ठा उचलायचा, गंजलेल्या पिना काढून दोरा घालायचा, फाटलेलं जोडायचं, आपल्याला हवा तो अंक ठेवून बाकीचे विकायचे, आणि त्या विक्रीतून पुढचा गठ्ठा. घरातला एक पैसा या शौकात जाणार नाही, ही बायकोची अट त्याने बारा वर्षं पाळली होती. बायको म्हणायची, "ना नफा, ना तोटा. नुसती धूळ तिकडची इकडे."

तो स्वतःसाठी ठेवायचा ते फक्त 'काळा खलाशी'चे अंक. समुद्रावरच्या गुन्ह्यांचा छडा लावणारा हा खलाशी एकशे बारा अंक निघून बंद पडला होता. त्यांतले एकशे अकरा डिंक्याच्या घरी, पाहुण्यांच्या पांघरुणांसाठी घेतलेल्या लोखंडी कपाटात होते. पाहुणे आले तर खलाशालाच पांघरतील, असं बायको येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची.

नव्हता तो सदतिसावा. आणि सगळा खटाटोप खरं तर त्या एकासाठीच होता.

त्याचं असं झालं होतं. डिंक्याचा बाप न्हावी. दुकानात गिऱ्हाइकांना चाळायला जुने अंक पडलेले असत, आणि शाळा सुटली की पोरगं कोपऱ्यातल्या बाकावर बसून तेच वाचायचं. सदतिसाव्या अंकात दीपगृहाचा दिवा ऐन वादळात कुणीतरी विझवतो आणि जहाज खडकावर फुटतं. खलाशी एकेकाची चौकशी करत शेवटी दीपगृहाचा जिना चढतो, वरचं दार ढकलतो आणि म्हणतो, "म्हणजे हे काम तुझं!" पान संपतं. पुढची चार पानं बापाने वस्तऱ्याचा फेस पुसायला फाडली होती; मधलं जोडपान तर त्याआधीच पिनांतून निखळून गेलं होतं. पोराने कचऱ्याची बादली उपसली, तर केसांत आणि साबणात लडबडलेला लगदा हाती आला. दारामागे कोण होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही, ते चाळिशी उलटली तरी कळलं नव्हतं.

हे सगळं ज्याला माहीत होतं असा जगात एकच माणूस होता, चष्मेवाला.

चष्मेवाल्याचं बाजाराच्या मागच्या गल्लीत चष्म्यांचं दुकान होतं. त्याचा शौक वेगळा, 'लोखंडी मामा' नावाच्या यंत्रमानवाचा. दोघांची ओळख एकाच गठ्ठ्याला दोन बाजूंनी हात घालताना झाली होती. मग दोघांत करार झाला. कागदावर नव्हे, तोंडी: एकाला दुसऱ्याला हवा असलेला अंक सापडला तर तो आधी त्या दुसऱ्याकडे जायचा, घेतल्या किमतीला. डिंक्याने तो पाळला होता. 'लोखंडी मामा'चा पाचवा अंक हाती आला तेव्हा एक गिऱ्हाईक तिप्पट द्यायला तयार होतं. डिंक्याने त्याला तोंडावर नाही म्हटलं आणि तो अंक शर्टाच्या आत घालून, घामाने भिजू नये म्हणून मध्ये पुठ्ठा ठेवून, चष्मेवाल्याला नेऊन दिला.

चष्मेवाला दर रविवारी अकराला चहाचे दोन ग्लास घेऊन यायचा. डिंक्याने त्याच्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं, त्यावर दुसऱ्या कुणाला बसू द्यायचा नाही. चहा झाला की खेळ सुरू व्हायचा, दारामागे कोण? म्हातारा दिवेवाला, विम्याचा एजंट, जहाजाचा कप्तान स्वतः. एक जण नाव घ्यायचा, दुसरा खोडून काढायचा. कपडेवाला शेजारी वैतागून म्हणायचा, "अरे, पोलिसांत तरी द्या ती केस."

पाच वर्षांपूर्वी चष्मेवाला एक पान घेऊन आला होता. पान म्हणजे अंकाच्या मधोमध असतो तसा जोडपानाचा एकच कागद. खवळलेला समुद्र, दूर एक होडी, वर काळे ढग. माणूस एकही नाही. घडीवर चिरलेला, आणि उजव्या कोपऱ्यात कसर लागून रुपयाएवढं भोक पडलेलं. एका गिऱ्हाइकाचं आहे, कुठल्याशा दिवाणखान्यात लावायचंय, असं तो म्हणाला. डिंक्याने चित्रकार लगेच ओळखला. हात तर आपल्या खलाशीवाल्याचा दिसतो, असं त्याने विचारलंही. त्यावर चष्मेवाला हसला. तो चित्रकार काय एकट्या तुझ्या खलाशावर जगत होता का, कॅलेंडरंही काढायचा, असं म्हणाला. डिंक्याला पटलं. न पटण्यासारखं काही नव्हतं, सांगणारा चष्मेवाला होता.

त्या पानावर त्याने चार संध्याकाळी घालवल्या. घडीला मागून कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद खळीने लावला. भोकाला तशाच जुन्या कागदाचं ठिगळ बसवलं. मग राहिला समुद्र. कॉमिक्समधला रंग हा सपाट रंग नसतो, बारीक ठिपक्यांच्या रांगा असतात. हे मशीनवाल्याला नाही कळणार तर कुणाला? चष्मेवाल्यानेच भेट दिलेलं भिंग डोळ्याला लावून, टाकाच्या टोकाने त्याने निळे ठिपके एकेक करून भरले. भरून झाल्यावर मोजले, तर आजूबाजूच्या लाटेत दहा रांगा आणि ठिगळात अकरा. एक रांग जास्त झाली होती. पुसायला जावं तर कागद फाटला असता. तशीच ठेवली. भिंगाशिवाय ती कुणाला दिसणार नव्हती. पैसे घेतले नाहीत. मित्राकडून कसले घ्यायचे!

त्याच महिन्यात चष्मेवाल्याला 'लोखंडी मामा'चा पहिला अंक मिळाला, दुसऱ्या गावच्या रद्दीत. निदान तसं त्याने सांगितलं. डिंक्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी चहा त्याने पाजला.

यंदा एका दुपारी सार्वजनिक वाचनालयातून तक्रार आली की मशीनमध्ये कागद अडकतोय. डिंक्याने रोलर पुसला, चार प्रती काढून दाखवल्या, सही घेतली. बाहेर पडताना शेजारच्या सभागृहात जुन्या बालसाहित्याचं प्रदर्शन दिसलं, म्हणून हत्यारांची पिशवी खांद्याला तशीच ठेवून आत शिरला. तिसऱ्या काचपेटीत तो होता. मधोमध उघडून ठेवलेला, शेजारी कार्ड: 'काळा खलाशी, अंक ३७, खासगी संग्रहातून'.

डिंक्याने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर खिशातून फोन काढून चष्मेवाल्याचा नंबर शोधला. ही बातमी दुसऱ्या कुणाला सांगायची? बोट नंबरवर ठेवलेलं असतानाच त्याची नजर चित्रावर स्थिरावली. खवळलेला समुद्र. दूर एक होडी. वर काळे ढग.

त्याने फोन खिशात टाकला आणि भिंग काढलं. काचेला नाक लावून उजव्या कोपऱ्यातल्या रांगा मोजल्या. एकदा मोजून समाधान होईना, म्हणून पुन्हा मोजल्या. अकरा.

"काही शोधताय का?" मागून कुणी विचारलं. अंकाची मालकीणच होती, दातांची डॉक्टर. तिने हौसेने सगळं सांगितलं. तिच्या वडिलांच्या ट्रंकेत 'लोखंडी मामा'चा पहिला अंक होता. तिच्या चष्मेवाल्याला तो हवा होता, तिला हा. पाच वर्षांपूर्वी अदलाबदल झाली. मधलं पान खराब होतं, पण त्याने कुठूनसं इतकं सुरेख करून आणलं की सांगूनही खरं वाटत नाही, असं ती म्हणाली. डिंक्या पेटीकडे बघत राहिला. मग एवढंच म्हणाला, की हा अंक त्याला एकदा वाचायचाय. ती म्हणाली, प्रदर्शन शनिवारी संपतंय, दुपारी दवाखान्यात या.

घरी त्याने बायकोला सांगितलं. तिचा चष्माही त्याच दुकानातला. तिने तो काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "पाच वर्षं आपल्याकडे येऊन जेवत होता की."

दुसऱ्या दिवशी डिंक्या चष्म्याच्या दुकानात गेला. भिंतीवरच्या पन्नास रिकाम्या फ्रेमा त्याच्याकडे बघत होत्या. चष्मेवाला काच घासत होता. डिंक्याने अकरा रांगांचं सांगितलं, तसं घासायचं यंत्र थांबलं. तो नाकबूल झाला नाही. एका बंद पडलेल्या शाळेच्या रद्दीत अंक सापडला होता. तुलाच देणार होतो, म्हणाला. पण त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई नंबर तपासायला आल्या आणि पहिल्या अंकाचं बोलल्या. आयुष्यभर शोधत होतो रे. एकदा लपवलं, मग सांगायला तोंड राहिलं नाही.

"आणि तुला तो मिळाला असता," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तर रविवारचं काय राहिलं असतं आपलं?"

डिंक्याचा बाप गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून हसत सांगायचा, घाबरू नका, गळा वस्तऱ्याने नाही, केसाने कापतात. पोरगा बाकावर बसून ते रोज ऐकायचा आणि त्याला त्यात कधी अर्थ दिसला नव्हता.

"अदलाबदल केलीस, ते मी गिळलं असतं," डिंक्या म्हणाला. "पण पान मलाच दिलंस. माझ्याच हाताने."

"दुसऱ्या कुणाला जमलं नसतं," चष्मेवाला म्हणाला. खरं म्हणजे ते कौतुकच होतं. तेच जास्त लागलं.

डिंक्या दारापर्यंत पोचला तेव्हा मागून आवाज आला. "शेवट सांगू?"

"तुझ्या तोंडून नको."

शनिवारी दुपारी शेवटचा पेशंट गाल धरून निघून गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं. त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. आत कुठेतरी औजारं उकळत होती. मधलं पान सोडलं तर पहिल्या पानापासून त्याला सगळं पाठ होतं. पाचव्या पानावर दिवेवाल्याची बहीण एकदाच दिसते, माशांना मीठ चोळताना, पाठमोरी. मधलं पान त्याने न थांबता उलटलं. मग जिना आला, दार आलं, "म्हणजे हे काम तुझं!" आलं. त्याने पान उलटलं.

दारामागे बहीण होती. त्याच जहाजाच्या कप्तानाने कधीकाळी तिच्या मुलाला समुद्रात सोडून दिलं होतं.

डिंक्या चित्राकडे बघत राहिला आणि त्याला तिचं काहीच वाटेना. त्याला ऐकू येत होता तो चष्मेवाल्याचा आवाज. दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार. चहाचा ग्लास दोन्ही हातांत फिरवत तो म्हणाला होता, मला वाटतं, दिवा बहिणीने विझवला. डिंक्या तेव्हा पोट धरून हसला होता. ती मासेवाली? एका चित्रापुरती येते आणि जाते, असला फालतू शेवट कोण लिहील? त्याने शेजारच्या कपडेवाल्यालाही ते सांगितलं होतं. चष्मेवाला मात्र हसला नव्हता. तो डिंक्याच्या तोंडाकडे बघत होता, डोळ्यांचा नंबर काढताना बघतो तसा, काय दिसतंय, काय नाही.

तेव्हा तो कबूल व्हायला बघत होता, की आपली मजा? डिंक्याने खूप विचार केला. दोन्ही बाजूंनी ते सारखंच बसत होतं. तीस-पस्तीस वर्षं ज्या दाराशी तो उभा होता, ते दार उघडलं तर आत आधीच कुणीतरी जाऊन, बसून, उष्टं करून गेलं होतं.

त्याने अंक परत दिला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसा वाटला शेवट? तो म्हणाला, चांगला आहे. बाईंनी मधलं पान उघडलं, तर ठिगळाचा एक कोपरा उचलला गेला होता. काचपेटीच्या दिव्याने असेल. त्याने सवयीने त्यावर अंगठा दाबून धरला, चिकटणार नाही हे माहीत असूनही.

रविवारी डिंक्याने नेहमीच्या जागी ताडपत्री पसरली. स्टूलवर सव्विसाव्या ते पन्नासाव्यापर्यंतचे, सदतिसावा सोडून, 'काळा खलाशी' रचले होते. उरलेले खाली खोक्यात. कपडेवाल्याने विचारलं, हे विकायचे? तो म्हणाला, बाजारात आणखी कशाला आणतात?

अकराला चष्मेवाला आला. हातात दोन ग्लास. स्टूलकडे बघितलं, मग उभाच राहिला. "वाचलास?" त्याने विचारलं.

डिंक्याने बोटावरची खळ सोलली, खाली टाकली आणि वर बघितलं.

"काय दाखवू तुम्हाला?"

कपडेवाल्याने शर्टाची घडी घालायची थांबवली. चष्मेवाल्याने एक ग्लास ताडपत्रीच्या कडेला ठेवला आणि काहीतरी करायचं म्हणून वरचाच अंक उचलला. किंमत विचारली. डिंक्याने सांगितली, तीच जी त्या सकाळी दोघा-तिघांना सांगितली होती. चष्मेवाल्याने घासाघीस केली नाही.

डिंक्याने अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, तोंड दुमडलं, चिकटपट्टी लावली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. चहावर साय धरली, ती दुपारपर्यंत तशीच होती.