दोन गाळण्या आणि एक भुंगा

माझ्या बाबांना तराजू दुरुस्त करता येतात, बाकी काहीही येत नाही. घरातला नळ गळायला लागला की ते शेजाऱ्यांना हाक मारतात. पण औषधाच्या दुकानातला नाजूक तराजू समोर ठेवा, दांडी नुसती डोलताना पाहून कुठल्या बाजूला धूळ बसली आहे ते सांगतील. सगळे त्यांना ‘काटेवाले’ म्हणतात. दुकान म्हणजे एक खोली. खिडकीखाली लांब टेबल आणि टेबलाशी दोन स्टुलं. एकावर बाबा बसतात, दुसऱ्यावर कुणी बसायचं नाही.

लहानपणी मी एकदा बसले. ते स्टूल डुगडुगतं, त्यामुळे आपटले, आणि वर बोलणीही खाल्ली. “ते काकाचं आहे,” बाबा म्हणाले. काका म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो तेव्हा कुठल्यातरी समुद्रावर होता.

काका समुद्रावर गेला तो एका भुंग्यामुळे. हसू नका, खरंच सांगते.

मी जन्मायच्या आधीची गोष्ट. आजोबांनी दोन्ही मुलांना तराजूचं काम शिकवलं होतं, पण दुकानात काम होतं एकापुरतंच. आजीच्या भावाने मालवाहू जहाजावर एक नोकरी ठरवून ठेवली होती. दोघांपैकी एकाने जायचं, कुणी ते तुमचं तुम्ही ठरवा, असं सांगून आजोबा मोकळे झाले. दोघांनाही दुकानच हवं होतं. हात काकाचा चांगला होता, हे बाबा स्वतःच सांगतात. बाबांचं म्हणाल तर त्यांना झोपाळ्यावर बसलं तरी चक्कर येते. पण हे तोंडाने म्हणायला ते तयार नव्हते. आठवडाभर दोघे भाऊ एकमेकांशी धड बोलत नव्हते.

अशात एका दुपारी उघड्या खिडकीतून भुंगा आत आला आणि तराजूच्या पारड्यावर टेकला. काटा कलला. भुंगा उडाला, काटा जागेवर आला. बाबा सहज म्हणाले, “बंद डबीत ठेवला तरी हेच होणार. उडाला की वजन कमी.”

“नाही होणार,” काका म्हणाला. “उडायला तो हवा खाली रेटतो. ती हवा डबीच्या तळाला रेटते. डबी बंद आहे, भार जाणार कुठे?”

“अरे, तो टेकलेलाच नाही तर भार कसला?”

दोघांचा आवाज चढला. शेवटी बाबाच म्हणाले, “लाव पैज. ज्याचं खरं तो दुकानात, ज्याचं खोटं तो जहाजावर.” काकाने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “लागली.”

बाबांनी भुंगा रुमालात धरला आणि काकाला स्वयंपाकघरातून काचेची बरणी आणायला पिटाळलं. काका परत आला तो चहाच्या दोन मोठ्या गाळण्या घेऊन. “बरणी दिसत नाही. आणि बरणीत गुदमरेल बिचारा,” म्हणाला. गाळण्या तोंडाला तोंड लावून दोऱ्याने बांधल्या, मधे भुंगा. एका बाजूचं पारडं काढून तिथे ते गाठोडं टांगलं, दुसऱ्या बाजूला वजनं ठेवत काटा मधे आणला. भुंगा आतल्या आत उडाला, गुणगुणत अधांतरी राहिला. काटा सरकला. फार नाही, पण सरकला. गाळण्यांची बाजू हलकी झाली होती.

“बघ!” बाबा ओरडले. काकाने दोरा सोडला आणि भुंग्याला खिडकीबाहेर जाऊ दिलं. आजीने दोन गाळण्यांवरून दोघांनाही झोडपलं. आठ दिवसांनी काका जहाजावर गेला.

तो तीस वर्षं जहाजांवर राहिला आणि मग फार लांबच्या एका बंदरात घर करून स्थिरावला. मधल्या काळात चारदा आला. आला की दुकानाच्या पायरीवर बसायचा, पाठ दाराला टेकवून. बाबा म्हणायचे, “आत ये की, स्टूल आहे.” तो म्हणायचा, “इथे बरं वाटतं.” तो गेला की बाबा दोन-तीन दिवस कामात चुका करायचे. महिन्यातून एकदा फोन व्हायचा. तुमच्याकडे पाऊस किती, आमच्याकडे ऊन किती. दोन म्हातारे हवामानाचं बोलायचे आणि फोन ठेवल्यावर बाबा उगाचच काकाचा वजनं उचलायचा जुना चिमटा तेल लावून पुसायचे. त्यांना भाऊ हवा होता, इतकी साधी गोष्ट होती. पण पैजेत जिंकलेल्या माणसाने ते कुठल्या तोंडाने म्हणायचं?

गेल्या महिन्यात बाबांना एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तराजू तपासायला बोलावलं होतं. तिथल्या बाई आकडे दाखवणाऱ्या वजनकाट्यावर बंद बाटलीत एक माशी ठेवून मुलांना दाखवत होत्या. माशी बसली, आकडा तोच. माशी उडाली, आकडा थोडा थरथरला आणि पुन्हा तोच. बाबा घरी आले ते बूटही न काढता खुर्चीत बसले. मला वाटलं, रक्तदाब वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, “मला एक भुंगा पकडून दे.”

मी बेचाळीस वर्षांची बाई. शेजाऱ्यांच्या कुंपणावरच्या वेलीशी अर्धा तास रुमाल घेऊन उड्या मारल्या. शेजारीण विचारायला आली तेव्हा काय सांगावं ते सुचेना. पण भुंगा आणला. बाबांनी तो बरणीत घातला, झाकण घट्ट लावलं, बरणी त्याच जुन्या तराजूवर ठेवली. भुंगा उडाला. काटा थरथरला आणि मधेच राहिला. तीनदा बघितलं. मग त्यांनी माझ्या दोन गाळण्या मागितल्या. गाळण्यांत तोच भुंगा उडाला आणि काटा सरकला.

“जाळी होती,” बाबा म्हणाले. “हवा जाळीतून खाली निघून गेली. ते बंद नव्हतंच गं. आयुष्यभर लोकांना खरं वजन सांगत आलो, आणि सख्ख्या भावाला खोट्या वजनावर घराबाहेर काढलं.”

त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला; मी काकाला लावला आणि स्पीकर चालू केला.

“पाऊस कसा आहे?” काकाने विचारलं.

“पाऊस राहू दे. अरे, तो भुंगा. वजन कमी होत नाही. तुझं बरोबर होतं.”

मग काका म्हणाला, “झाकण लावून बघितलंस वाटतं.”

बाबा दचकले. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“तेव्हाच?”

“तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीस, गाढवा? तेव्हा बरणी सापडली असती तर…”

“बरणी ओट्यावरच होती, दादा. धुऊन पालथी घातलेली. तुला झोपाळ्यावर चक्कर यायची. जहाजावर काय झालं असतं तुझं?”

बाबा रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी भुंग्याकडे बघत बसले.

“तू ये,” बाबा कसेबसे म्हणाले. “ये रे आता.”

“यावंसं खूप वाटतं. पण डॉक्टर म्हणतात, इतका लांबचा प्रवास नको. आणि हाताला कंप सुटलाय. काट्याला हात लावायच्या लायकीचा राहिलो नाही मी.”

“काट्याला हात लावायला कोण बोलावतंय? नुसता बसून राहा.”

“बघतो,” काका म्हणाला. त्याच्या ‘बघतो’चा अर्थ आम्हा दोघांनाही कळला.

फोन ठेवल्यावर बाबांनी चिमट्याला हात लावला नाही. त्यांनी काकाचं स्टूल उलटं करून टेबलावर घेतलं. एक पाय आखूड होता. आयुष्यभर लोकांचे तराजू समतोल करणाऱ्या माझ्या बाबांनी तो कधी दुरुस्त केला नव्हता, कारण बसणारंच कुणी नव्हतं. त्यांनी लाकडाचा तुकडा कापला, घासला, लावला, काढून पुन्हा घासला. मग स्टूल जमिनीवर ठेवून चारी बाजूंनी दाबून पाहिलं.

“बस बरं,” ते मला म्हणाले. “हलतंय का सांग.”

मी बसले. हलत नव्हतं.

“ऊठ आता,” बाबा म्हणाले.