चहाच्या वेळी बाद

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं माझी आई म्हणायची. पन्नाशी उलटली तरी ती काही थांबलेली नाही. फोडणी टाकली की मी फोन हातात घेते, फोनवर बातमी दिसली की ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, सांगता सांगता त्यावर माझं मत तयार होतं, आणि मत देऊन होईपर्यंत कढईत काहीतरी करपलेलं असतं. माझ्या घरचे लोक करपलेली भाजी मुकाट्याने खातात. मताला मात्र नाकं मुरडतात.

लग्न होऊन मी झाशीत आले तेव्हापासून आमच्या घरात मत द्यायची एक ठरलेली वेळ आहे, संध्याकाळच्या चहाची. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. त्यांना मी मामंजी म्हणते, कारण या घरात तसंच म्हणतात. माहेरी हा शब्द कोणी वापरत नाही. मामंजी रेल्वेतून निवृत्त झाले, नवरा रेल्वेतच आहे, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळा कारभार हिंदीत. भाजीवाला भैया, शेजारीण भाभीजी, आणि कामवाली तर इतकी गोड बुंदेली बोलते की तिला रागावायला गेलं तरी रागावता येत नाही. तेव्हा घरातली मराठी टिकावी म्हणून मामंजींनी ठरवलं: चहाला सगळ्यांनी एकत्र बसायचं, दिवसभराच्या एखाद्या बातमीवर प्रत्येकाने आपलं मत सांगायचं, आणि तेही फक्त मराठीत. हिंदी शब्द तोंडून निघाला की ते चमच्याने बशी वाजवतात आणि म्हणतात, "बाद!" बाद झालेल्याने त्या संध्याकाळी पुन्हा बोलायचं नाही.

इंग्रजी चालतं. "साहेब गेला, त्याचं काय भय? हिंदी दारात उभी आहे," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'मतलब' आणि 'लेकिन' येतं, पण त्यांच्या तोंडून निघालेलं सगळं मराठीच असतं. बशी त्यांच्याकडे आहे ना.

तरी ती वेळ मला आवडते. जवळच्या बरुआसागरचं आलं किसून घातलेला चहा, आणि जगातल्या सगळ्या भानगडी आमच्या चार कपांच्या मधोमध. मामंजी हल्ली फोनवर आरती लावतात. परवा आरती रंगात आली होती, त्यांनी डोळे मिटून हात जोडलेले, आणि मध्येच एक बाई दातांच्या किडीबद्दल बोलू लागली. मामंजींनी डोळे न उघडता हात जोडूनच ठेवले. माझं मत असं की देवाला पाच सेकंद थांबवून मंजन विकणाऱ्यांना पाप लागत असणार. नवऱ्याचं मत, पैसे भरले तर जाहिरात येत नाही. म्हणजे पूर्वीही देवळात पैसे देणाऱ्याला आधी दर्शन मिळायचं, आताही तेच. तंत्रज्ञानाने नवीन काय केलं ते मला कोणी सांगावं.

नवराही काही कमी नाही. गणेशोत्सवात मराठी मंडळींसमोर स्वागताचं भाषण त्यांनी करायचं होतं. त्यांनी ते फोनमधल्या त्या हुशार यंत्राकडून लिहून घेतलं. भाषण फार छान होतं, फक्त त्यात झाशीच्या समुद्रकिनाऱ्यावर विसर्जनाला जमलेल्या भाविकांचं वर्णन होतं. मराठी, गणपती, मग समुद्र असणारच, असा त्या यंत्राचा हिशेब. यांनी व्यासपीठावर ते वाचलंही, कारण आधी वाचून बघायला वेळ कोणाला होता? समोरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांचंही लक्ष नव्हतं.

तर अशी आमची बैठक. तिघं बोलतात आणि चौथी गप्प बसते.

चौथी म्हणजे माझी मुलगी. इथेच जन्मली, इथेच इंजिनिअर झाली. मराठी सगळी कळते. मी माहेरी फोनवर हळू आवाजात केलेली चुगलीसुद्धा तिला शब्दन् शब्द कळते. पण उत्तर हिंदीत. चहाला ती येते, बिस्कीट बुडवते, मामंजींनी विचारलं की "कुछ नहीं आजोबा" म्हणते, बशी वाजते, आणि ती उठून खोलीत जाते. दार बंद, कानावर हेडफोन, आणि तो खेळ सुरू. विमानातून उडी मारायची, कुठल्याशा बेटावर उतरायचं, बंदुका गोळा करायच्या आणि दिसेल त्याला मारायचं. या खेळांनी मुलं बिघडतात अशी बातमी मी दर आठवड्याला वाचते, आणि दर आठवड्याला मला ती पटते.

या वर्षी तिला हैदराबादला नोकरी लागली आणि माझी झोप उडाली. नोकरीचा आनंद होताच. पण मला सारखं वाटायला लागलं की ही आता जाईल, तिथे इंग्रजी आणि हिंदीत जगेल, आणि मी ज्या भाषेत हिला झोपवलं ती भाषा हिच्या तोंडून मी कधी ऐकणारच नाही. मामंजींनंतर आम्ही दोघं, आमच्यानंतर कोणी नाही. हे मनात आलं की मी उठून कपाट आवरायला घ्यायची. कपाट आवरून झालं की दुसरं. तिच्या जाण्याआधीच्या त्या दिवसांत घरातला एकही कप्पा माझ्या तावडीतून सुटला नाही.

अशीच एका दुपारी मी तिचे घडी केलेले कपडे घेऊन तिच्या दारापाशी गेले आणि आतून आवाज आला, "अगं येडे, मागं बघ ना मागं! तो झाडाच्या मागं आहे! थांब, मी येते, मरू नको!"

मी कपडे छातीशी धरून तिथेच उभी राहिले. आधी वाटलं, आत कोणी दुसरं आहे. मग ती हसली, आणि ते हसणं तिचंच होतं. पुढे म्हणाली, "जेवली का तू? काय? परत खिचडी?" मराठी तोडकीमोडकी होती, मध्ये 'यार' आणि 'अबे' होतं, पण ती धावत होती, अडखळत नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. हिला कोण कुठल्या पोरी भेटल्या की त्यांच्या जेवणाची चौकशी ही मराठीत करते, आणि मला "खाना लगा दो"?

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "बरं आहे की, बोलते म्हणजे येतं तिला." पुरुषांना अशा वेळी इतकं शांत कसं राहता येतं, यावरही माझं मत आहे, पण ते इथे नको.

दुसऱ्या दिवशी मी चहाला मुद्दाम खेळाचीच बातमी काढली. अशा खेळांवर बंदी घालावी की नाही? मामंजी म्हणाले, घालावी. नवरा म्हणाला, बंदी घालणारे स्वतः सभागृहात फोनवर काय बघत असतात ते आधी बघावं. मी काहीच म्हटलं नाही, हे माझ्या आयुष्यात क्वचित घडतं. मी मुलीकडे बघत होते. तिने बिस्कीट खाली ठेवलं.

"आजोबा, असं नाही आहे," ती म्हणाली. "त्या खेळात ना... लोग सिर्फ..."

टण्. "बाद!"

मामंजी काही दुष्ट नाहीत. सवयीने हात गेला. पण तिचा चेहरा असा मिटला की मला ती बशी उचलून अंगणात भिरकावून द्यावीशी वाटली. ती उठून गेली. तिचा चहा तसाच राहिला.

त्यानंतर आम्ही दोघी बॅग घ्यायला सीपरी बाजारात गेलो. दुकानात मी प्रत्येक बॅगेची चाकं फिरवून बघितली, चेन उघडझाप केली, दुकानदार कंटाळला. परतताना ऑटोत मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं, "त्या मुलींशी बोलतेस, माझ्याशी का नाही बोलत?"

तिला कळलं मी काय विचारतेय. मग म्हणाली, "मम्मी, वहाँ कोई गिर जाता है ना, तो मरता नहीं एकदम से. रेंगता रहता है. टीमवाला आके उठा लेता है, फिर खेलो. एक लातूर की है, एक जळगाव की. मैं कुछ भी बोलूँ, वो हँसती हैं, पर उठा लेती हैं. घर पे एक शब्द गिरा, और आउट."

ऑटोवाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, "भैया, आप आगे देखिए."

इतकी वर्षं आम्ही सगळे मराठी जपत होतो. एवढी जपली की ज्या पोरीसाठी जपायची तिलाच ती चहापुरतीही बोलू दिली नाही. असला पराक्रम परमुलखात राहणारी आमच्यासारखी माणसंच करू जाणोत.

त्या संध्याकाळी बातमी होती पक्ष बदललेल्या एका पुढाऱ्याची. मामंजी तावातावाने बोलले, नवरा बोलला. मुलगी गप्प. मी तिला म्हटलं, "तू सांग."

"मला वाटते," ती म्हणाली, "की हे लोग..."

चमचा वर गेला. मी म्हटलं, "मामंजी, हिला मी उठवते."

"म्हणजे?"

"बाद झालेल्याला दुसऱ्या कोणी उठवलं तर तो परत बोलू शकतो. आजपासून."

"हा नियम कोणी केला?"

"मी."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. आजवर त्यांच्या बशीविरुद्ध घरात कोणी ब्र काढला नव्हता. चमचा हवेतच होता. शेवटी ते म्हणाले, "लेकिन एकदाच," आणि चमचा कपात घालून नसलेली साखर ढवळू लागले.

मग ती बोलली. अडखळत, चुकत, हातवारे करत. म्हणाली, त्यांच्या खेळात आपल्याच माणसाला गोळी मारली तर सगळे मिळून मारणाऱ्याला बाहेर काढतात, आणि इथे आपल्या टीमला मारून पलीकडे जाणाऱ्याला हार घालतात, मग कोणता खेळ बंद करायला पाहिजे? एकदाच म्हटलं होतं तरी तिला मी दोनदा उठवलं, नवऱ्याने एकदा. मामंजी हसू दाबत होते. शेवटी म्हणाले, "ही पोरगी बापापेक्षा बरी बोलते." समुद्रकिनाऱ्याचं भाषण ते विसरले नव्हते.

चहा संपल्यावर ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "आता तू ये," म्हणाली.

"कुठे?"

"खेळात."

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी माझा फोन घेऊन बसले. ती तिच्या खोलीत, मी माझ्या, कारण एका खोलीत बसलं की आवाज घुमतो म्हणे. कानात हेडफोन. दोन अनोळखी मुली एकदम म्हणाल्या, "नमस्कार काकू!" लातूरवालीने विचारलं, झाशीत फार ऊन आहे का. जळगाववाली म्हणाली, आमच्याइतकं नसेल. ज्यांच्यावर मी इतके दिवस मनात जळत होते त्या चांगल्या घरच्या मुली निघाल्या, त्यामुळे माझी जरा पंचाईत झाली.

खेळाबद्दल माझं मत बदललेलं नाही. उडी मारली ती मी तळ्यात पडले. बंदूक उचलायची तर तवा उचलला. तवाही मिळतो तिथे, आणि तेवढीच एक गोष्ट मला ओळखीची वाटली. एका जागी थांबायचं मला जमेना. मी सगळ्या घरांतून पळत सुटले, दारं उघडून कपाटं आहेत का बघत. तेवढ्यात कोणीतरी मला गोळी घातली आणि मी गुडघ्यांवर रांगू लागले. तिघी ओरडल्या, "काकू पडल्या! काकू पडल्या!"

"थांब, मी येते," माझी मुलगी म्हणाली. ती कुठूनशी धावत आली, माझ्याजवळ वाकून बसली, आणि मी हळूहळू उभी राहिले. बाहेर गोळ्या चालू होत्या. मी लगेच दाराकडे वळले.

"नको आई," ती म्हणाली. घरी मी मम्मी आहे. "तू हललीस की मरशील. तू इथंच बस, भिंतीच्या मागं. मी पुढं जाऊन बघते."

ती दारातून बाहेर पडली, उतार चढून पलीकडे गेली आणि मला दिसेनाशी झाली. मी भिंतीमागे बसले. कानात तिचा आवाज येत होता, मराठीत, आणि मी अजिबात हलले नाही.