डाव्या हाताची खिडकी

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात बनूबाईंचं आयुष्य गेलं. नवी पोरगी कामाला आली की तिला पहिला धडा तोच. "पँट समोर पडली की उलटी वाचायची गं बाई. तुझा डावा तो घालणाऱ्याचा उजवा. खिसा चुकला तर सिंधी शेठ 'वडी, वडी' करत अंगावर येईल."

नवरा भगवान गेला, लेक महेंद्र नोकरीसाठी नागपूरला गेला, आणि बदलापूरच्या मांजर्लीतल्या घरात बनूबाई आणि टीव्ही असे दोघंच उरले. टीव्ही बोलायचा पुष्कळ, ऐकायचा काही नाही. वरच्या मजल्यावर रखमा, तीही एकटीच. संध्याकाळी दोघी गच्चीवर बसायच्या. मुंबईला उतरणारी विमानं डोंगराकडून समोर यायची आणि त्यांच्या डाव्या हातानं, अंबरनाथच्या अंगानं निघून जायची.

"आपण दिसत असू का गं त्यांना?" रखमा विचारायची.

"आपण जवळून कुणाला दिसत नाही, तर वरून काय!" बनूबाई म्हणायच्या.

हिवाळ्यात महेंद्र त्यांना नागपूरला घेऊन गेला. घर मोठं, पण माणसं दिवसभर बाहेर. बनूबाई तिथल्या टीव्हीसमोर बसल्या. महिनाभरानं म्हणाल्या, "एकटंच बसायचं तर आपल्या घरी बसते."

नात मैत्रेयी विमानाचं तिकीट काढायला बसली. "आजी, खिडकीची सीट देते. पंखावरची नको, नुसता पत्रा दिसेल. मागची घेऊ. डावी का उजवी?"

बनूबाई डोळे मिटून मनानं गच्चीवर गेल्या. विमान समोरून येतं, डाव्या हातानं जातं. पण समोरचं म्हणजे उलटं वाचायचं!

"उजवी काढ," त्या ठासून म्हणाल्या.

लगेच रखमाला फोन. "शनिवारी सकाळी येतेय. गच्चीवर जाऊन ती तुझी निळी चादर हलव."

"आणि नाही दिसले तर?"

"खिडकी पारखून घेतलीय मी."

बनूबाईंची वाट बघत आजवर कुणी गच्चीवर उभं राहिलं नव्हतं. तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

विमान खाली यायला लागलं तशी त्यांनी काचेला नाक लावलं. डोंगर सरले. मग पत्र्यांच्या शेडी आल्या, ओळीच्या ओळी. ही तर अंबरनाथची एमआयडीसी! अंबरनाथ इकडे, म्हणजे नदी, मांजर्ली, रखमा, सगळं पलीकडे. बनूबाईंनी मान वळवली. पलीकडच्या खिडकीतल्या साहेबांनी झडप ओढून तोंडावर रुमाल टाकला होता. उठायला गेल्या तर पट्ट्यानं धरलं. हाक मारावी, तर काय म्हणून मारायची? माझी मैत्रीण चादर हलवतेय, जरा बघता का?

तेवढ्यात खालचं गाव बदललं.

विमानतळावरून दुपारी घरी पोचल्या तेव्हा रखमा जिन्यातच बसलेली. "जय भीम गं! आलीस एकदाची. दिसले का मी?"

तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि तळवे लाल झाले होते.

"जय भीम. दिसलीस की!" बनूबाई म्हणाल्या. "निळी चादर कशी फडफडत होती!"

रखमाचा चेहरा फुलला, मग जरा थांबला. "निळी? ती ओली होती गं. मी हिरवी नेलेली."

बनूबाईंनी हातातली पिशवी उगाच दुसऱ्या हातात घेतली.

"उंचावरून हिरवं निळंच दिसत असंल," शेवटी रखमाच म्हणाली. "आणि तुझं कुठलं ते मला तरी कुठं ठाऊक? येईल त्याला हलवत होते. हात गळाले बघ. चल, चहा टाकते."

संध्याकाळी दोरीवरच्या दोन्ही चादरी काढायला दोघी गच्चीवर गेल्या. समोरून विमान आलं. बनूबाईंनी हिरवी चादर ओढली, एक टोक रखमाच्या हातात दिलं.

"आता कुणाला गं?"

"डाव्या खिडकीत कुणीतरी असंल," बनूबाई म्हणाल्या. "झडप उघडी ठेवून."

आणि दोघींनी चादर हलवली.