जेवाला थांबा का नको

डिझेल आणि आल्याचा चहा यांचा वास एकत्र आला, की मला पनवेलमधलं आमचं पहिलं ऑफिस आठवतं. खाली ट्रकवाल्यांची चहाची टपरी आणि वरच्या खोलीत आम्ही दोघे भागीदार. न्हावा शेव्याला बंदराबाहेर रांगेत उभ्या असलेल्या ट्रकचा नंबर किती वाजता लागेल, हे ड्रायव्हरला मोबाइलवर कळवणारं ॲप आम्ही बनवलं होतं, आणि ते गाजवायला पीआर एजन्सी शोधत होतो. मुंबईची मंडळी चकचकीत स्लाइड दाखवून गेली. मग उरणची एक बाई आली, चपला धुळीने माखलेल्या. "स्लाइड नाहीत माझ्याकडे. काल दिवसभर तुमचं ॲप वापरणाऱ्या एका ट्रकमध्ये बसले होते," म्हणत तिने वहीचा एक कागद पुढे केला. त्यावर त्या ड्रायव्हरचं एकच वाक्य होतं, "आता घरी सांगता येतं, जेवाला थांबा का नको." मला गलबलून आलं. "छान आहे हो, पण गुंतवणूकदारांना हे काय दाखवणार?" भागीदार म्हणाला. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी चहाचा ग्लास फिरवत बसलो. आम्ही मुंबईवाले निवडले. आमच्याबद्दल पुष्कळ छापून आलं, पण तो ड्रायव्हर त्यात कुठेच नव्हता. आज पुन्हा एजन्सी निवडायची आहे. मी तो कागद शोधून काढला आणि खाली लिहिलेला तिचा नंबर तीनदा लावला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, हा नंबर अस्तित्वात नाही.